खैऱ्याची शीळ

बसा पाव्हणं. आधी दाराला आतून कडी घाला, मग सांगतो.

गुडघे गेले तवा मी मेंढरं इकली, पण पाय घरात ठरंनात. दर हिवाळ्यात कुत्री घेऊन पालमकडच्या आमच्या दऱ्यात सकाळची चक्कर असायचीच. दिस उगवताना निघायचं, सीताफळीच्या झुडपांतून वढ्यापर्यंत उतरायचं अन् ज्वारीच्या कडंनं माघारी यायचं. थंडीत त्या दऱ्याइतकी बरी जागा मला दुनियेत ठावं न्हवती. आता थू त्या दऱ्यावर!

आमच्या मेंढक्यांत एक रिवाज हाय. दर कुत्र्याची शीळ न्यारी. कुत्रं मेलं की त्याची शीळ बंद, ती दुसऱ्याला शिकवायची न्हाई. माझ्या खैऱ्याची शीळ दोन लांब, एक आखूड. त्यो गेल्या हिवाळ्यात त्याच दऱ्यात गेला. कुण्या हरामखोरानं रानडुकरासाठी तारंचा फास लावला व्हता. खैऱ्या केकाटायला लागला ते मी ऐकलं, पण म्हणलं, कोल्ह्यामागं लागलं असंल बेणं, यील आपसूक. तीनदा शीळ मारली अन् घरी येऊन चा पेलो. चौथ्या दिवशी सापडला. मागचा एक पाय तारंत तुटून पडला व्हता.

मग झिपऱ्या नावाचं पिल्लू आणलं. त्याला मी तीच शीळ शिकवली. आमची बायकू भागुबाई भडकली.

"मेलेल्याची शीळ जित्याला? अक्कल गहाण ठिवलीत का?"

"तू गप बस. या वयात नवी शीळ जमायची न्हाई मला," मी खेकसलो.

आठ दिवसांमागं मी, झिपऱ्या अन् म्हातारी भुरी कुत्री दऱ्यात उतरलो. धुकं असं, की काठीचं टोक दिसंना. कुजक्या पाल्याचा वास सुटला व्हता. वढ्यापाशी झिपऱ्या दिसंना म्हणून मी शीळ मारली.

झिपऱ्या तर माझ्या पायाशीच व्हता. लटालटा कापत व्हता.

अन् समोरून कायतरी यायलं व्हतं. पावलं कुत्र्याचीच, पण तीनच... मागं दगडावर तार घासत यायलेली. चौथ्या दिवशीचा त्यो वास आला. झिपऱ्या जागीच मुतला. भुरी मात्र शेपूट हालवीत पुढं निघाली. तिची अन् खैऱ्याची लय जुनी वळख.

"भुरे... माघारी ये गं..."

ती धुक्यात शिरली. जरा कुंईकुंई ऐकू आली, मग सगळं चिडीचूप. अन् तिथूनच शीळ आली. दोन लांब, एक आखूड. माझीच शीळ, पाव्हणं! माझे पुढचे दात पडल्यापासून शेवटाला जी हवा फुसकन सुटती, ती सुदीक तशीच.

मी झिपऱ्याला काखेत मारून पळालो. भुरीला तिथंच सोडलं. दुसऱ्यांदा केलं मी तसं. लाज वाटती सांगायला.

तवापासून रोज दिस उगवताना शीळ येती. झिपऱ्या कान बी टवकारत न्हाई. माझे पाय उठत्यात. परवा भागुबाईनं मला अंगणात धरलं, अनवाणी, हातात काठी.

"कुठं चाललाव?"

"खैऱ्या बलवायलाय..." असं म्हणलो म्हणं मी. मला कायबी आठवत न्हाई.

म्हणून तुमाला मुक्कामाला ठिवून घेतलं. तुमी अंगानं दणकट हाव. पहाटे मी उठलो तर मला दाबून धरा, शिव्या दिल्या तरी सोडू नका. गाठीवर आता माझा भरवसा न्हाई.

हे दावं बघा. काल निजताना भागुबाईनं यानंच माझा पाय बाजंला बांधला व्हता. झिपऱ्या बाहेर गोठ्यात कोंडलेला. सकाळी दावं असं सापडलं. कापलेलं न्हाई, कुरतडलेलं हाय, अन् लाळंनं वलंचिंब व्हतं. माझ्या पुढच्या दातांचं तुमाला सांगितलंच. भागुबाईच्या तोंडात तर एक बी दात न्हाई.

दाराची कडी तशीच व्हती, आतून.