दारातल्या चपला

हे कोणाला पटो न पटो, पण घडलेलं आहे. ज्यांच्या घरी घडलं ती माणसं आजही बीबी या गावात राहतात. विचारलं तर सांगतातही. फक्त सांगताना दाराकडे पाठ करून बसत नाहीत.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. भरदुपार. बुलढाणा जिल्ह्यातल्याच एका लहान गावात प्रसेनजितने मोटारसायकल थांबवली. मागे त्याची बायको, रेणुका.

समोर चर्च.

इंग्रजांच्या काळातलं, सागवानी छताचं. दोन वर्षांपूर्वी ते आगीत गेलं आणि आता पुन्हा उभं राहिलं होतं.

त्याच आगीत रेणुकाची आई गेली होती. चांगुणाबाई. ती तिथे झाडलोट करायची.

तिथे आत जाताना चपला दाराशी काढतात. आग लागली तेव्हा बायकांची प्रार्थना चालू होती, चांगुणाबाई पलीकडच्या खोलीत झाडत होती. एकच पळापळ झाली. हाताला लागल्या तेवढ्या चपला उचलून बायका पळाल्या. मागून आलेल्या लोकांनी धुरातून दाराशी पाहिलं...

एकही जोड उरला नव्हता.

"निंघाले सारे!" कोणीतरी ओरडलं. म्हणून आत कोणी गेलंच नाही.

चांगुणाबाईच्या चपला कोणी उचलल्या, ते शेवटपर्यंत कोणी कबूल केलं नाही.

तेव्हापासून रेणुका दगड झाली होती. ना राग, ना रडू. भाजी चिरताना बोट कापलं तरी नुसती पाहत राही. "एकदा जागा पाहून घे, म्हंजे रडू तरी येईन तुले," म्हणून प्रसेनजितने तिला आणलं होतं. बायको रडावी म्हणून धडपडणारा नवरा विरळाच!

किल्ली विमलबाईंकडे होती, चर्चच्या जुन्या सभासद. दोघांनी पायातलं दाराशी काढलं. विमलबाईंनी मात्र आपल्या चपला पिशवीत घातल्या आणि पिशवी काखेत मारून आत शिरल्या.

"काऊन वो बाई, चोऱ्या होतात का इथं?" प्रसेनजित हसला.

"हाव... तसंच समजा."

आत सगळं नवं. नवी फरशी, नवं छत, रंगाचा वास. आई इथेच गेली, असं रेणुकाने मनाशी म्हणून पाहिलं.

काहीच वाटलं नाही.

मग...

खर्र... खर्र...

पलीकडच्या खोलीतून झाडू फिरल्याचा आवाज.

"कोण झाडून राह्यलं वो?" तिने विचारलं.

विमलबाईंनी पिशवी छातीशी घट्ट धरली. "चाला बाहीर."

आवाज थांबला. लगेच दाराशी कोणीतरी पायात चपला सरकवल्या... फटक... फटक... आणि दूर गेलं.

बाहेर येऊन पाहिलं. प्रसेनजितचे बूट होते. रेणुकाच्या चपला नव्हत्या. समोरच्या मैदानात माणूस नाही की कुत्रं नाही.

"तुले आधीच सांगाले पाह्यजे होतं, पोरी," विमलबाई म्हणाल्या. "हे पुन्हा उघडलं तवापासून बाईमाणसाच्याच चपला उलट्यापालट्या होतात. कोणीतरी आपल्या शोधते. नेल्या मात्र कधीच नव्हत्या."

रेणुका अनवाणीच गाडीपाशी आली. माती तापलेली होती. तळवे लाल झाले, पण तिला चटका जाणवलाही नाही.

बीबीला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. घराला कुलूप तसंच होतं.

आणि दाराशी तिच्या चपला. नीट जोडून ठेवलेल्या.

दारात चपला म्हणजे आत माणूस...

खर्र... खर्र...

आवाज आतून येत होता. प्रसेनजितने तिचा दंड धरला. "नको जाऊ वं. शेजारच्याइले बोलावतो."

"तवाही कोणी आत गेलं नाही," रेणुका शांतपणे म्हणाली. "दे चाबी."

आत कोणी नव्हतं. घर मात्र लख्ख झाडलेलं होतं आणि केर दाराआड गोळा करून ठेवला होता, चांगुणाबाई ठेवायची तसा. रेणुकाने त्याला हात लावला.

राख होती. कोमट.

ती कोमट आहे, एवढं मात्र तिला जाणवलं.

त्या चपला अजून दारातच आहेत. रेणुका त्या घालत नाही, नव्या घेतल्यात. "आता तरी उचल," प्रसेनजित अधूनमधून म्हणतो.

ती रडत नाही, चिडत नाही. एवढंच म्हणते...

"उचलल्या, तर लोकाइले वाटन आत कोणी नाही."