उजवीकडचे पाहुणे

घरी बांधलेलं विमान पहिल्यांदा हवेत न्यायचं म्हणजे लोकांना काहीतरी शौर्याचं काम वाटतं. कसलं डोंबलाचं शौर्य. निम्म्याहून जास्त काम हमालीचं असतं. विमान ढकलत हँगरबाहेर काढायचं, पेट्रोलमध्ये पाणी उतरलंय का ते बघायचं, गुडघ्यावर बसून एकेका बोल्टला हात लावायचा आणि मग वारा पडायची वाट बघत चहा पीत बसायचं. मी आयुष्यभर पोरांना उडायला शिकवलं. ओरडून ओरडून घसा बसला, कान गेले, आणि आता जरा निवांत बसावं म्हटलं तर माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने विमान बांधून पुढ्यात उभं केलं.

हे आमचे जावईबापू. धंदा लाकडी फर्निचरचा, हात सोन्याचा, स्वभाव हट्टी. लाकूड, सरस आणि कापड यांतून त्यांनी दोन माणसांचं विमान उभं केलं. शेजारी शेजारी दोन सीटा, दोघांपुढे विमान वळवायचा, वर-खाली न्यायचा एकेक दांडा, म्हणजे स्टिक, आणि दोन्ही स्टिक खाली एकाच नळीला जोडलेल्या. चूक काढायचीच असं ठरवून मी प्रत्येक सांधा टॉर्च लावून बघितला. एकही सापडली नाही. माझ्यासारख्या खडूस माणसाला हे कबूल करताना जड जातं, पण काम देखणं होतं.

बहिणीला आम्ही घरात छोटीच म्हणतो. तिने या विमानासाठी कित्येक वर्षं बैठकीची खोली सोडली होती. सोफ्याच्या जागी पंखांच्या फासळ्या, पडद्यांना सरसाचा वास. तिने कधी कुरकुर केली नाही. अट एकच घातली, चाचण्या संपल्या की उजव्या सीटवर पहिली मी बसणार. म्हणून मी या भानगडीत पडलो. माझी बहीण ज्या सीटवर बसणार, ती सीट आधी मला तपासून घ्यायची होती.

चाचणीच्या काळात दुसरं माणूस न्यायचं नसतं. माणसाऐवजी त्याच्या वजनाची वाळू न्यायची. आम्ही छोटीच्या वजनाइतकी वाळू पोत्यांत भरली. आकडा सांगत नाही, ती माझा गळा धरेल. पोती उजव्या सीटवर एकावर एक रचली, पट्ट्याने आवळली, आणि घासून फाटू नयेत म्हणून जावईबापूंनी वरून आपलं जुनं जाकीट चढवलं. मग टोपीही घातली. झालं, पाहुणे तयार. "या पाहुणे, बसा, घर लहान आहे, सांभाळून घ्या," असं म्हणत ते रोज जाकिटाच्या खांद्यावर थोपटायचे. मीही काही कमी नव्हतो. इंजिन सुरू करायच्या आधी मी रोज उजवीकडे वळून विचारायचो, "काय पाहुणे, निघायचं ना?" उत्तरासाठी जरा थांबायचो आणि मग चावी फिरवायचो. दोन म्हातारे होत चाललेले पुरुष आणि ही पोरकट थट्टा. छोटी कपाळावर हात मारून घ्यायची.

उजवी सीट रिकामी ठेवून केलेली उड्डाणं लोण्यासारखी झाली होती. पाहुणे बसल्यापासून विमान उजवीकडे ओढायला लागलं. थोडं ओढणारच, तेवढं वजन आहे. पण हे जरा जास्त होतं. आणि उतरल्यावर बघतो तर पाहुण्यांचा पट्टा उघडा. मी जावईबापूंना झाडलं. हवेत पोतं सरकून माझ्या स्टिकखाली अडकलं तर माझं काय होईल, याचा काही विचार? ते शपथेवर सांगत होते की पट्टा त्यांनी नीट लावला होता.

दुसऱ्या सकाळी पट्टा मी स्वतः लावला. बकलावर चिकटपट्टी गुंडाळली. उतरलो तेव्हा पट्टा पुन्हा उघडा होता. चिकटपट्टी तुटलेली नव्हती. कुणीतरी नखाने टोक उचलून ती सोलली होती आणि पाहुण्यांच्या समोरच्या काचेवर सरळ रेषेत चिकटवून ठेवली होती.

मी म्हटलं, इंजिनाची थरथर. थरथरीने काय काय होतं ते मी बघितलंय.

जेवायला बसलो तेव्हा छोटीने माझी बाही वर सारली आणि कुणाशी मारामारी करून आलास असं विचारलं. उजव्या दंडावर चार काळेनिळे डाग होते, आणि मागच्या बाजूला एक, अंगठ्याच्या जागी. माझ्याच पट्ट्याने काचलं असेल, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं, पण माझा पट्टा तिथून जात नाही हे तिला कशाला सांगा.

त्यानंतरच्या उड्डाणात स्टॉल बघायचा होता. भरपूर उंची घ्यायची, इंजिन कमी करायचं, नाक वर धरून वेग मरू द्यायचा, आणि विमान खाली बसायला लागलं की ते कसं वागतं ते बघायचं. नेहमीचंच काम. पाहुण्यांकडची स्टिक जावईबापूंनी पहिल्याच दिवशी काढून कपाटात ठेवली होती, तिथे फक्त बोटभर खुंट उरला होता. सकाळ स्वच्छ होती. खाली शेतं आणि कडेला झाडांची रांग दिसत होती.

वेग मेला. विमान थरथरलं आणि उजवा पंख खाली गेला. मी स्टिक पुढे ढकलली. ती गेली नाही.

अडकलेली स्टिक कशी लागते हे मला ठाऊक आहे. ती मेलेली असते, भिंतीसारखी. ही तशी नव्हती. घाबरलेलं पोरगं दोन्ही हातांनी स्टिक कवटाळून बसतं तेव्हा नळीतून आपल्या तळव्याला जे जाणवतं, ते मी हजारदा अनुभवलंय. त्या हातांना कंप असतो. आपण जोर लावला की तेही जोर लावतात, आपण सोडलं की तेही जरा सैल होतात. मला उजवीकडून तेच जाणवत होतं.

अशा पोराशी काय करायचं ते माझ्या अंगात मुरलंय. "सोड," मी ओरडलो आणि विचार न करता कोपर त्याच्या बरगडीत हाणलं.

कोपर वाळूत बसलं. पुढच्या क्षणी माझ्या तोंडावर ठोसा बसला.

नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला. तोंडात रक्त आलं. विमान उलटून गिरकी घेत खाली निघालं, शेतं समोरच्या काचेत गरगरत होती, आणि मी एका हाताने स्टिकशी झुंजत दुसऱ्याने जाकिटाला मारत सुटलो. मारत होतो म्हणजे अक्षरशः बडवत होतो. मला भीती वाटत नव्हती, संताप आला होता. माझ्या बहिणीच्या सीटवर बसून हा कोण मला मारतो.

पट्टे कापायचा सुरा मांडीला बांधलेला असतो. तो काढला आणि जाकिटात खुपसला. पुन्हा खुपसला. वाळू भळाभळा वाहायला लागली, मांडीवर, पायात, रक्ताने चिकट झालेल्या हातांवर. मी सुरा फिरवून पोतं खालपर्यंत फाडलं. तेव्हा माझं मनगट धरलं गेलं. घट्ट, गरम पकड होती. माझा अंगठा मागे वळवला गेला, सावकाश, मी कळवळेपर्यंत आणि त्याच्याही पुढे, कट्कन मोडेपर्यंत.

मग स्टिक सुटली.

झाडांच्या शेंड्यांना घासून मी विमान सरळ केलं. कसं उतरवलं ते नीट आठवत नाही.

जावईबापूंनी वरची काचेची कॅनॉपी उघडली तेव्हा आत रक्त आणि वाळूचा चिखल झाला होता. मी सगळं सांगितलं, जसंच्या तसं. सांगताना ते किती वेडगळ वाटतंय हे मलाही ऐकू येत होतं. त्यांनी फाटलेल्या जाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले की पोतं सरकून खुंटाला अडकलं असणार, आणि गिरकीत तुमचं तोंड पुढे आपटलं असणार. इथवर ठीक होतं. मग म्हणाले, "वय झालं दादा तुमचं. तुम्ही घाबरलात."

मी त्यांना चांगल्या हाताने मारलं. लग्नापासून ज्यांना कधी अरे म्हटलं नव्हतं त्यांना म्हणालो, "तू माझ्या बहिणीला यात बसवून तर बघ, जीव घेईन तुझा." त्यांनीही मला सोडलं नाही. दोघं हँगरच्या फरशीवर लोळलो. त्यांनी माझं मोडकं नाक धरून पिळलं, मी त्यांच्या कानाचा चावा घेतला. छोटीने बादलीभर पाणी ओतलं, दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि आम्हाला कुत्र्यांसारखं वेगळं केलं.

 मी तिला सांगितलं की मला भीती वाटते, तुझ्यासाठी वाटते, मी हात जोडतो, बसू नकोस.

तिने माझ्या तोंडाकडे, माझ्या अंगठ्याकडे बघितलं. "मी नाही बसणार. विषय संपला."

जावईबापूंनी पाठ फिरवली. पण त्यांचा चेहरा मी बघितला. कानातून रक्त येत होतं त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. इतकी वर्षं जिच्यासाठी फासळ्या तासल्या तिनेच नाही म्हटलं होतं.

छोटी मला नळावर घेऊन गेली. ती माझं तोंड धूत असताना मागे वाळू झाडल्याचा आवाज येत होता. त्यांनी फाटकी पोती बाहेर फेकली, जाकीट फेकलं, सीट स्वच्छ केली. मला वाटलं, राग शांत होतोय. मग इंजिन सुरू झालं. आम्ही पळत बाहेर येईपर्यंत विमान धावपट्टीवर वेग घेत होतं. डावीकडे ते एकटे, उजवी सीट रिकामी.

छान वर गेलं. एक वळणही सुरेख घेतलं. हँगरच्या टेबलावरचा रेडिओ खरखरला. त्यांच्याकडचं बोलायचं बटण दाबलेलं राहिलं असावं, कारण इंजिनाचा आवाज सतत येत होता.

मग त्यांचा आवाज आला, अगदी अदबीने. "पाहुणे, सोडा."

छोटीने माझा हात धरला.

"सोडा म्हणतोय ना."

त्यानंतर बोलणं नव्हतं. मांसावर मांस आपटतं तसले आवाज होते, एकामागून एक. मार खाणारा कण्हत होता, ते कण्हणं त्यांचं होतं. मारणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

विमान आडवं झालं. सरळ झालं. पुन्हा आडवं झालं.

छोटी रेडिओच्या माइकमध्ये त्यांना हाका मारत होती. बटण दाबलेलं असल्यामुळे तिकडे काहीच जात नव्हतं.

पंखाचं टोक गवताला लागलं आणि विमान कोलांट्या खात धावपट्टीच्या कडेला फुटलं. लाकडं मोडताना झालेला आवाज इथवर आला.

ते जिवंत होते. पाय दोन ठिकाणी वाकला होता, दात गेले होते, दोन्ही मुठींची कातडी सोलून हाडं दिसत होती. आग लागायच्या आत त्यांना बाहेर काढायचं म्हणून मी वाकून त्यांचा पट्टा कापायला लागलो, तेव्हा उजवी सीट दिसली. तिचा पट्टा लावलेला होता. यात काही विशेष नाही, रिकामा पट्टा फडफडू नये म्हणून सगळेच लावतात. पण रिकामा पट्टा सीटवर सपाट पडतो. हा सीटपासून वीतभर पुढे, गोल, ताठ उभा होता. आणि आत काही नव्हतं.

छोटीनेही बघितलं. आम्ही बघत असतानाच तो हळूहळू सैल पडला.

रुग्णवाहिकेची वाट बघण्यात अर्थ नव्हता. माझी गाडी विमानापाशी आणली, चारही दारं उघडली आणि दोघांनी मिळून त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. छोटी घाईने पुढे बसायला गेली. मी तिला दंडाला धरून मागे ढकललं, चांगलं जोरात. "मागे बस. त्यांचं डोकं मांडीवर घे. पुढे नाही यायचं." ती निमूट मागे बसली. मी फिरून एकेक दार लावलं, शेवटी चाकामागे बसून माझ्या बाजूचं, आणि गाडी सोडली.

फाटकापाशी आलो तेव्हा आवाज सुरू झाला. टिंग, टिंग. माझ्या गाडीत शेजारी कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की ती असा आवाज करते. माझा पट्टा लावलेला होता. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर साधा रुमालसुद्धा नव्हता.

कसला आवाज आहे, असं छोटीने विचारलं. मी गाडीचा वेग वाढवला.

आवाज जलद झाला. मागून जावईबापूंनी डोळे न उघडता, फुटक्या ओठांतून म्हटलं, "दादा, पाहुण्यांचा पट्टा."

मी बाजूला बघितलं नाही. मागे माझी बहीण बसली होती, आणि जे काही होतं ते पुढेच बसलेलं बरं, एवढंच डोक्यात होतं. मोडक्या अंगठ्याच्या हाताने चाक धरलं, दुसऱ्याने पलीकडे पट्टा चाचपला आणि आडवा ओढून बकलात घातला.

आवाज थांबला. रिकाम्या सीटला लागतो त्यापेक्षा पट्टा बराच जास्त ओढावा लागला होता.