मातीवर काय पसरायचं?

तिनं पांढऱ्याशुभ्र खड्यांची पिशवी उचलली, तोच मागून आवाज आला, "ते नका घेऊ."

तिनं वळून पाहिलं. कोपरापर्यंत मातीनं माखलेला एक तरुण रोपांच्या रांगेतून उठत होता. रोपवाटिका त्याचीच होती.

"दुकानदारच म्हणतो घेऊ नका? नवलच आहे!"

"कुंड्या कुठे ठेवल्यात, ते सांगा आधी."

ती मामाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर तपासायची. पेशंट बसतात त्या बाहेरच्या खोलीत सहा कुंड्या होत्या. त्यांतली उघडी माती मामाच्या डोळ्यांत खुपायची. "एक तर ती झाक, नाहीतर मी सरळ प्लास्टिकची झाडं आणतो," असं त्यानं बजावलं होतं. आणि तिनं तर त्या झाडांचं एकेक पान फुटताना पाहिलेलं! तिनं त्याला हे सगळं सांगितलं.

"म्हणजे डोळ्यांत औषध घालून बसलेली माणसं?" त्याच्या भुवया वर गेल्या. "आणि खिडकीतून ऊन?"

तिच्या एकदम ध्यानात आलं. औषधानं बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेड सोसत नाही अशा डोळ्यांसमोर हे चकचकीत खडे! रोज तेच काम करते ती, आणि सुचलं कुणाला... तिला आपलंच हसू आलं.

"मग काय पसरू?"

"बघून सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो आला. आधी पेशंटांच्या खुर्चीत बसून, डोळे किलकिले करून खोलीभर पाहत राहिला. मग त्यानं दोन कुंड्यांवर झाडाच्या सालीचे तुकडे पसरले, दोन कुंड्यांवर नारळाच्या सोडणाचे आणि उरलेल्या दोन कुंड्यांवर नदीतले करडे गोटे.

"थोडे दिवस बघू. कुठलं चांगलं, ते झाडंच सांगतील."

"झाडं बोलतात तुमच्याशी?"

"बरी बोलतात... माणसांसमोर माझी त-त-प-प होते."

मग तो दर गुरुवारी यायचा. मातीत बोट खुपसून ओल बघायचा. ती दोन पेशंटांच्या मधल्या वेळात हळूच बाहेर डोकवायची. गोट्यांखाली ओल फार टिकत होती, ते निघाले. सोडणाचे तुकडे पंख्यानं उडत होते, तेही गेले. तिसऱ्या आठवड्यात सहाही कुंड्यांवर साल बसली. तपकिरी, डोळ्यांना निववणारी. मामा खूश! प्लास्टिकचं नाव पुन्हा निघालं नाही.

तरी चौथ्या गुरुवारी तो हजर. पाचव्याही.

तिला राहवेना. "एक विचारू? काम तर झालं ना?"

तो मातीतलं बोट न काढताच थांबला. "झालं."

"मग?"

"मग..." त्याचे कान लाल झाले. "मला... तुम्हाला बघायचं असतं. म्हणून येतो."

खुर्च्यांवरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. एका आजींनी तर शेजारी बडबडणाऱ्या सुनेला दटावलं, "अगं थांब, ऐकू दे!"

ओठ दाबून तिनं हसू आवरायचा प्रयत्न केला... पण छे, जमलंच नाही.

"रविवारी दवाखाना बंद असतो," ती म्हणाली. "रविवारी भेटू या."

"आणि... करायचं काय?"

"मला खूप काही विचारायचंय तुम्हाला."

"किती वेळ लागेल?"

"काय माहीत!" ती म्हणाली. "सुरुवात तर करू."