तिसरा शिकाऊ परवाना

समजा, मुलांनो, तुम्ही अशा शहरात राहता जिथे एकाही मोटारीत चालक नाही. रस्ते भरून वाहताहेत, पण एकाही स्टिअरिंगवर हात नाही. त्या मोटारींना तिथे स्वयंसारथी म्हणतात. त्या दमत नाहीत, भांडत नाहीत, पुढच्याला शिव्या देत नाहीत. मात्र संदेशाचे मनोरे संपले की त्याही संपतात. घाटाच्या पायथ्याशी मोटार थांबते आणि अगदी नम्रपणे म्हणते, "इथून पुढे माणूस हवा." दिसली का मोटार? आता तिच्यातून उतरणाऱ्या मुलीकडे बघा. ती ऋजुता मरळ.

ऋजुताची आई घाटावरच्या केळदवाडीत आरोग्यसेविका होती. ऋजुता खाली वसतिगृहात राहून शिकत होती. वर जाणारी, माणसाने चालवायची गाडी महिन्यातून एकदाच सुटायची. मधले सगळे दिवस आईचा आवाजही कानावर पडत नसे. सोळावं लागलं की पालकाच्या सहीने विजेच्या स्कूटरचा शिकाऊ परवाना मिळतो, आणि परीक्षा पास झालं की पक्का. पक्का परवाना हाती आला की दर शनिवारी आई. ऋजुताचं गणित इतकं सरळ होतं.

शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा. ऋजुताचा पहिला संपला, मग दुसराही संपला. दोन्ही परीक्षांत आठचा आकडा काढताना तिचं चाक पांढऱ्या रेघेबाहेर गेलं आणि पाय जमिनीला टेकला. आता तिसरा परवाना, आणि नियमाने तोच शेवटचा. त्यावर नापास झालं किंवा परीक्षा चुकवली, तर पुढची तीन वर्षं अर्जच करता येत नाही.

तिला चालक-प्रशिक्षण केंद्रात शिकवत होते अच्युत बोंद्रे सर, घाटात तीस वर्षं प्रवासी गाडी चालवलेला माणूस. दोन्ही वेळा ती रडली तेव्हा त्यांनीच तिला चहा पाजला होता. "अगं, मी तीनदा आपटलो होतो तेव्हा कुठे पास झालो. तुझा हात चांगला आहे. सोडू नकोस." त्या एका वाक्यावर ती वर्षभर टिकली होती.

आता गंमत बघा. दुसरा परवाना मंगळवारी संपला आणि तिसरा गुरुवारी आला. त्यावर परीक्षेची एकच तारीख होती, लगेचच्या शनिवारची. मधल्या बुधवारी ऋजुताकडे परवानाच नव्हता. परवान्याचं कार्ड खाचेत घातलं की स्कूटरला कळतं, बसलाय तो शिकाऊ आहे. कार्ड नसेल तर रस्त्यावर जाता येत नाही, पण केंद्राच्या आवारात, तेवढ्यापुरत्याच चालणाऱ्या अंगणकिल्लीवर फिरता येतं. तशी ती फिरली. एक आठ काढला, मग दुसरा, मग तिसरा. अकरा वेळा आठ काढला आणि एकदाही पाय टेकला नाही.

गुरुवारी कार्ड घातलं आणि तिसऱ्याच आठाला चाक बाहेर!

एखादी रडली असती. ऋजुताने कार्ड काढलं. पुन्हा फिरली, साफ. कार्ड घातलं, चाक बाहेर. स्कूटर तीच, रेघ तीच, मुलगीही तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं, याहून मोठं विज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेत नसतं. शनिवारी, परीक्षेच्या थोडं आधी, वही घेऊन ती केंद्राच्या माडीवर गेली.

तिथे चूकसंग्रह होता. त्याच्या प्रमुख डॉ. नफीसा मुजावर आणि बोंद्रे सर बोलत उभे होते.

"ये गं," मुजावर म्हणाल्या. "आज तुझी परीक्षा ना? तुझ्यामुळे आमचा संग्रह केवढा वाढलाय, ठाऊक आहे?"

"माझ्यामुळे?"

"स्वयंसारथी पट्टीच्या चालकाला ओळखतो. तो काय करणार हे त्याला आधीच कळतं. नवशिका काय करेल हे मात्र कळत नव्हतं, म्हणून पूर्वी किती मुलं जखमी व्हायची, काही दगावायचीही. मग आम्ही शिकाऊ मुलांच्या चुका नोंदवायला लागलो. त्याच त्याला शिकवतो. पुढे लाल एलची पाटी दिसली की आता तो तसा अंदाज बांधतो."

ऋजुताने वही पुढे केली. मुजावरांनी पान वाचलं, मग उलटून मागचंही वाचलं. त्यांचा आवाज उतरला. "बोंद्रे, हे काय आहे?"

सरांनी पान पाहिलं आणि वही मिटून टेबलावर ठेवली.

"बोंद्रे, मी तुम्हाला विचारतेय."

"विलंबक बसवलाय," सर म्हणाले. "सगळ्या शिकाऊ गाड्यांत. कार्ड घातलं की अधूनमधून ब्रेक एक पंचमांश सेकंद उशिरा लागतो. मॅडम, पोरं तीन आठवड्यांत तयार होतात हो! मग चुका कुठून आणायच्या? यंत्र अर्धवट शिकलेलं. केंद्र बंद पडलं असतं तर आणखी पोरं मेली असती."

एक पंचमांश सेकंद म्हणजे काय? आठ काढताना स्कूटर सेकंदाला दोन मीटर जाते. तेवढ्या उशिरात ती जवळजवळ हातभर पुढे सरकते. रेघेबाहेर जायला हातभर पुरतं.

"परीक्षेतसुद्धा?" ऋजुताने विचारलं. "दोन्ही वेळा?"

"हो."

"तुम्ही चहा पाजत होतात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"ऋजुता, ऐक. बाकीची पोरं कंटाळून सोडून जातात. तू प्रत्येक वेळी कुठे चुकलं, कसं चुकलं, सगळं नीट सांगायचीस. तुझ्यासारखी पुन्हा मिळाली नसती."

तिला वाटलं होतं, आपली चिकाटी पाहून सर आपल्याला जवळ करतात. ते खरंच होतं, आणि त्यामुळेच जास्त लागलं. तिच्या आईचे बारा शनिवार, वीस शनिवार, चाळीस शनिवार याच माणसाने गोड बोलून काढून घेतले होते.

"पण आज तुझं काम झालं समज," सर घाईने म्हणाले. "आज परीक्षा असलेल्या सहाही गाड्यांतला विलंबक मी सकाळीच काढलाय. निदान शेवटच्या वेळी तरी तुला खरी गाडी मिळावी. आठ काढ, रस्त्यावर एक फेरी मार, आणि संध्याकाळी आईकडे जा. बाकीचं सोमवारी बोलू."

खाली घंटा वाजली. आवारातली, आठचा आकडा काढायची परीक्षा सुरू झाली होती.

ऋजुता जिन्याकडे वळली आणि पहिल्या पायरीवर थांबली.

"मॅडम, माझ्या चुका मोटारींना कधी शिकवल्या?"

"दर रविवारी नवा धडा जातो. शहरातल्या सगळ्या मोटारींना."

"मग लाल एल दिसली की मागची मोटार काय समजते? हा मुलगा ब्रेक उशिरा लावणार?"

"हो, म्हणून ती त्या बेतानेच..." मुजावर बोलता बोलता थांबल्या. त्यांचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला.

"आणि आज आमचे ब्रेक वेळेवर लागणार," ऋजुता म्हणाली. "आम्ही तिच्या अंदाजाच्या आधी थांबणार. मोटार सेकंदाला दहा मीटर येते. म्हणजे दोन मीटर कमी पडतील."

"अरे देवा," सर म्हणाले आणि खुर्चीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी या मुलांना बिनदोष गाडी दिली होती.

"धडा मागे घ्यायला किती वेळ लागेल?"

"रात्र होईल," मुजावर फोन लावता लावता म्हणाल्या. "आज एकही मूल रस्त्यावर जाता कामा नये."

परीक्षा आजच व्हायला हवी होती. आज फेरी झाली नाही तर कागदावर ती गैरहजर, आणि पुढे तीन वर्षं. मुजावर नंतर पत्रं लिहितील, कोणी ती वाचेल, कोणी वाचणारही नाही. ऋजुताला हे सगळं माहीत होतं. मुजावरांचा फोन अजून लागत नव्हता. खिडकीतून दिसत होतं, तोवर पाच मुलांचे आठ झाले होते आणि ती लाल पाट्या लावून फाटकाशी रांगेत उभी होती. बाहेर मोटारी सुळसुळत चालल्या होत्या.

ऋजुता दोन-दोन पायऱ्या सोडत खाली आली. "अगं ए, नंबर आमचा आहे!" रांगेतला पहिला मुलगा ओरडला. तिने लोखंडी फाटक ओढून घेतलं, कडी घातली, फाटकाला पाठ टेकून त्या मुलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "उतर खाली. मी सांगते ते आधी ऐकून घे, मग हवं तेवढं ओरड माझ्यावर."