दोराची जागा

मढच्या मागच्या पठारावर एक मुक्काम करायचा आणि गाडीसकट हातीपायी धड परत यायचं, एवढंच आमचं काम होतं. ते जमलं तर पुण्याची एक सहल कंपनी वर्षभर आमच्याकडे पाहुणे पाठवणार होती. म्हणजे आदेश आणि मी भागीदार, आणि मंचरच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी आठ वर्षं दुसऱ्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जोडत होतो, त्याला कायमचा रामराम. नाही जमलं तर पुन्हा ट्रॉल्या.

जीप आदेशची. अवसरी बुद्रुकच्या बागायतदाराचा तो मुलगा, आणि मी धनगराचा ऋतिक. "जमीन न्हाई, पण हातात कला हाय याच्या," असं तो चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचा. मला ते आवडायचं, हे आज कबूल करायला लाज वाटते.

दीड महिना मी त्या जीपच्या पाठीमागच्या भागात राबलो. मधली सीट पुढं पाडली की दोन माणसं पाय ताणून झोपतील असा प्लायवुडचा पलंग केला. पलंगाखाली मागच्या दारातून बाहेर सरकणारे दोन लांब ड्रॉवर. एकात शेगडी, भांडी, पाण्याची टाकी. दुसऱ्यात जॅक, फावडं, पाना आणि गाडी ओढायचा टोइंगचा दोर. दोराची जागा मी आधी पुढच्या दाराशेजारी ठेवली होती. आदेशनं ती पाहिली आणि नाक मुरडलं.

"दोर दिसला की गबाळं वाटतं राव. फोटो निघणारेत. टाक आत."

माझे वडील, राघूआबा, शेजारीच उकिडवे बसले होते. त्यांची सारी हयात मेंढरांमागं माळशेज उतरून कोकणात जाण्यात गेली. बिऱ्हाड घोड्यावर असायचं, आणि घोडं भरायचं काम माझ्या आईचं, म्हाळसाबाईचं. भांडी, घोंगड्या, कोकरं सगळं चढवून झालं की ती सर्वांत शेवटी, सर्वांत वर दोर ठेवायची. त्याआधी घोड्याला कुणी हात लावायचा नाही.

"दोर वर पायजे," आबा म्हणाले. "घोडं पडलं की पयला दोर लागतो. भांडी न्हाई लागत."

"मामा, हे घोडं न्हाई, जीप हाय," आदेश हसला.

मीही हसलो. आणि दोर ड्रॉवरच्या तळाशी टाकला.

निघायच्या सकाळी आबा खांद्यावर आपला शेळीच्या केसांचा जुना दोर घेऊन आले. पठाराची वाट त्यांनाच ठाऊक होती, म्हणून ते बरोबर होते. मी त्यांना बाजूला घेतलं. "आबा, वास येतो त्याला. गाडीत मॅडम असणारेत." ते आत जाऊन दोर दाराच्या खुंटीला अडकवून आले. कुऱ्हाड मात्र त्यांनी पायाशी ठेवलीच.

मॅडम म्हणजे श्रेया, कंपनीची माणूस. तिचा शेरा तोच निकाल. जुन्नर मागं पडलं, मढ आलं, डांबर संपलं. मग खरी परीक्षा! ओढ्यातल्या गोट्यांवरून जीप डुलत, आदळत निघाली. गुडघाभर खोल चाकोऱ्या, कारवीची दाट जाळी, एका ठिकाणी वाटेत आडवं झालेलं झाड. आबा उतरले, दहा मिनिटांत फांद्या तोडून वाट मोकळी केली. एवढ्या खडखडाटात माझा एकही ड्रॉवर वाजला नाही! संध्याकाळी पठाराच्या कडेला मी पलंग उघडला, शेगडी ओढली, चहा ठेवला. समोर दरीत ऊन मावळत होतं आणि गवतावरून गार वारा येत होता. श्रेयानं पलंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, "फारच नेटकं काम आहे." त्या रात्री मी मालकासारखा झोपलो.

दुसऱ्या दिवशी परतताना आभाळ फाटलं. दिवाळी होऊन गेलेली, पावसाचं नावनिशाण नको होतं. पण अर्ध्या तासात वाटेची लाल माती लोण्यासारखी झाली. पठारावरून उतरलेली वाट एका चढावर डोंगराच्या कडेनं जाते. आबा म्हणाले, "थांबा हितं. माती सुकू द्या." आदेशनं घड्याळ पाहिलं आणि गिअर टाकला.

मधोमध चाकं फिरली. जीप थांबली. मग मागं घसरू लागली! आदेश ब्रेकवर उभा राहिला. काही उपयोग नाही. धाडकन आवाज झाला आणि आम्ही अडकलो. मागचं दार एका धोंड्याला टेकलं होतं. धोंड्यामागं दरी होती.

पुढच्या दारांतून आम्ही एकेक करून उतरलो.

"दोर?" श्रेयानं विचारलं.

दोर ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर मागच्या दारातून उघडणारा. आणि दाराला धोंडा! जॅक तिथंच, फावडं तिथंच, पानाही तिथंच. इतकं नेटकं काम!

आबांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली.

मी पुढून आत शिरलो, सीटवरून मागं सरकलो. जीप कण्हली. धोंडा इंचभर हलला. मी श्वास धरला. मग घाव घातला. अठरा एमएमचा प्लाय, मीच निवडून आणलेला, पाचव्या घावाला फुटला. सातव्याला हात जाईल एवढं भोक झालं. फावड्याखालून, जॅकखालून मी दोर ओढला. कातडी सोलली तरी ओढला!

वरच्या अंगाला हिरड्याचं जाडजूड झाड होतं. दोराचं एक टोक जीपच्या पुढच्या हुकाला बांधलं. दुसऱ्या टोकानं आबांनी बुंध्याला दोन वेढे दिले आणि पाय रोवले. आदेश स्टिअरिंगवर. श्रेया दगड आणून देत होती, मी ते चाकांमागं सारत होतो. जीप वीतभर चढायची, आबा तेवढा दोर ओढून घ्यायचे. पुन्हा वीतभर. पुन्हा.

शेवटच्या हातभर अंतरावर चाक सटकलं! दोर सणसणत आबांच्या मुठींतून पळाला. शेळीच्या केसांचा असता तर धरवला असता. हा नायलॉनचा, ओला. त्यांनी सोडला नाही. जीप थांबली. मी चाकामागं दगड कोंबला आणि पुढच्या दमात गाडी वाटेवर आली.

आबांचे तळवे उघडे पडले होते. श्रेयानं त्यांवर पट्टी बांधली. बांधता बांधता तिनं सरळ विचारलं, "दोर असा बंद करून ठेवायचं कुणी ठरवलं?"

आदेश माझ्याकडे पाहू लागला. मी जमिनीकडे. माझ्या डोळ्यांपुढं ट्रॉल्या होत्या.

"म्या," आबा म्हणाले. "म्या म्हनलं व्हतं, आत ठिवा. म्हातारं मानूस, कळलं न्हाई."

श्रेयानं वहीत लिहून घेतलं. काम मिळालं. फक्त पुढच्या खेपेला हे आजोबा नकोत, दोराची जागा बदलून घ्या, एवढीच अट. "नाही नाही, प्रश्नच नाही," आदेश म्हणाला. मी तोंड उघडलं नाही. हरामखोरपणाला दुसरं नाव शोधायचा मी खूप प्रयत्न केला आहे, सापडलं नाही.

घरी आईनं आबांचे हात पाहिले. "दोर कुठं व्हता?"

"वरच व्हता," आबा म्हणाले.

आईनं दाराच्या खुंटीकडे पाहिलं. तिथला जुना दोर जागचा हलला नव्हता. मग तिनं मला जेवायला वाढलं.

चार दिवस मी तसेच काढले. पाचव्या दिवशी मी श्रेयाला फोन करून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि काम दुसऱ्यांना दिलं. आदेशनं बोलणं टाकलं. मी परत ट्रॉल्यांवर गेलो.

संध्याकाळी आबांना हे सांगितलं. ते पट्टी बांधलेल्या हातांनी कोकराला पाजत होते. वाटलं होतं, बरं केलंस म्हणतील.

"बोलायचं व्हतं तर तितंच बोलायचं व्हतंस," ते म्हणाले. "आता माझ्या काय कामाचं?"

आणि बाटली कोकराच्या तोंडातून निसटत होती, ती त्यांनी कोपरानं सावरली.