दोघांची एक रजा

गुरुवारी सरकारी सुट्टी, शनिवार-रविवार हक्काचे आणि मधे एकटा शुक्रवार. वर्षाच्या पहिल्या दिवशी प्रयोगशाळेतल्या नव्या कॅलेंडरवर मी त्या शुक्रवारावर बोट ठेवायला गेले, तर तिथे आधीच एक बोट होतं.

बोट नव्या केमिस्टचं. त्याच सकाळी रुजू झालेला, अजून बसायला खुर्चीही न मिळालेला.

"हा माझा आहे," मी म्हणाले.

"नाव दिसत नाही कुठे."

"मी महिनाभर या कॅलेंडरची वाट बघतेय. आणि तुम्ही आज येऊन... आयत्या बिळावर नागोबा?"

"नागोबा तर नागोबा." त्याने बोट हलवलं नाही. "बिळात दोघांना जागा होईल की."

मला राग यायला हवा होता... आला नाही. तिथेच सगळं चुकलं.

दोघांना जागा होणार नव्हती, हे त्याला दुपारपर्यंत कळलं. आमचं केंद्र शहराला पाणी पुरवतं आणि ते तपासून 'सोडा' म्हणणारे आम्ही दोघंच. एक रजेवर, तर दुसरा हजर, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. त्यात साहेब एका वेळी एका दिवसापेक्षा जास्त रजा देत नसत. लांब जायचं तर सुट्टीला रविवार जोडा, रविवाराला रजा जोडा, असं दात कोरून पोट भरायचं.

तो शुक्रवार त्याने मला दिला. परत आले, तर माझ्या टेबलावरच्या सगळ्या काचनळ्या धुऊन, पुसून, उंचीप्रमाणे लावलेल्या.

"एवढं कशाला केलंत?"

"वेळ जात नव्हता." मग खिडकीकडे बघत — "एकट्याचा."

पुढे टाक्यांच्या पायऱ्यांवर आम्ही चहा प्यायचो. खाली पाणी गाळून पडत असायचं, त्याच्या बाह्यांना क्लोरिनचा वास यायचा, आणि तो वास मला आवडायला लागला, म्हणजे बघा. जगात एवढे पुरुष असताना ज्याच्याबरोबर मला कधीच सुट्टी मिळणार नाही, नेमकी त्याच्याच प्रेमात मी पडले होते.

एकदा तो चहाच्या कपाशी चाळा करत म्हणाला, "लग्नाला... दोघांनाही रजा लागत असेल, नाही?"

"कोणाच्या लग्नाला?"

"असंच. सहज विचारलं."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," मी म्हणाले. 'तुम्ही'चा 'तू' तेव्हाच झाला. "साहेब म्हणतील, एकाने लग्न करा, दुसऱ्याने पाणी तपासा."

तो खूप हसला. मी पण हसले. पण रात्री ते आठवून हसू आलं नाही.

मला त्याला बाबांकडे न्यायचं होतं. गाव रात्र आणि दिवसभराच्या प्रवासावर. बाबांची स्मरणशक्ती हळूहळू झिजत चालली होती आणि ते त्यांना कळत होतं. "जावई दाखव मला," ते म्हणायचे. "डोकं जागेवर आहे तोवर आण." फोनवर बोला म्हटलं तर ऐकायचे नाहीत. "फोनवर आवाज कळतो, माणूस कळत नाही."

मग एक सुट्टी सापडली. गुरुवारीही सरकारी, सोमवारीही सरकारी, रजा फक्त शुक्रवारची. शेजारच्या केंद्रातल्या बाई आमच्या जागी यायला तयार झाल्या, साहेबांनी मान डोलावली, तिकिटं निघाली. बुधवारी आमच्या बॅगा टेबलाखाली होत्या.

त्याच दुपारी वर डोंगरात ढग फुटला आणि नदी गढूळ झाली. बाईंना त्यांच्या केंद्राने परत बोलावलं. हातातोंडाशी आलेला घास गेला.

"तू जा," तो म्हणाला.

"आणि तू?"

"या पाण्याकडे बघ. शहराने काय प्यायचं?"

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

बाबा फाटकाशी उभे होते. त्यांनी माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं. "मागून येतोय का?"

"पुढच्या सुट्टीला, बाबा."

"कधी असते ती?"

मी महिना सांगितला. ते बोटांवर मोजायला लागले आणि मधेच थांबले. पुढच्या सुट्टीलाही मी एकटीच गेले, कारण बदली माणूस मिळाला नाही. तेव्हा त्यांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली.

त्यानंतरची सुट्टी यायच्या आधीच, एका साध्या मंगळवारी, आईचा फोन आला. बाबा गेले.

साहेब केबिनमधून बाहेर आले. माझ्या खुर्चीवरचा पांढरा कोट त्यांनी अंगात घातला, नळी उजेडात धरली, आणि इतक्या सराईत हाताने औषधाचे थेंब टाकले की आम्ही बघतच राहिलो.

"दोघंही जा," ते म्हणाले. "मी बघतो इथलं."

त्यांना पाणी तपासायला येत होतं. इतके दिवस येत होतं. आम्ही कधी विचारलं नाही, आणि त्यांना कधी सुचलं नाही. प्रवासभर त्याने माझा हात सोडला नाही, आणि प्रवासभर मी एवढाच विचार करत होते.

दारात आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"त्यांना तुम्हाला बघायचं होतं हो," ती म्हणाली.

त्याने हातातल्या बॅगा खाली ठेवल्या.

"राहाल ना दोन-चार दिवस? की परत जायचंय? सुट्टी जोडून आलीय का?"

"नाही, आई. मधलाच वार आहे... पण मी राहतो."

वाटेत मला रडू आलं नव्हतं. ते आता आलं. त्याने बॅगा आत नेल्या, माझी आणि त्याची, शेजारी-शेजारी ठेवल्या. आम्हाला एकत्र मिळालेली ही पहिली रजा.