फरहानचा चहा

ही घटना शंभर टक्के खरी आहे. सांगणारा मुतशर इराकमधल्या नासिरियात टॅक्सी चालवतो, आणि भाडं सांगण्यापुरतं सोडलं तर तो आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही.

एक्क्याण्णवचा फेब्रुवारी, कुवेतची लढाई. बसऱ्याच्या दक्षिणेचं वाळवंट.

वेळ दुपारची. पण तेलाच्या विहिरी पेटलेल्या, त्यामुळे दुपारही रात्रीसारखी काळी...

मुतशर रणगाड्याचा ड्रायव्हर. रणगाडा त्याच्याहून वयाने मोठा. इराणच्या लढाईत त्यावर गोळा बसला, तोफ चालवणारा फरहान जागच्या जागी गेला आणि तोफेचा घुमट अडकला तो अडकलाच. तोंड कायमचं समोर. वर कळवलं तर खापर आपल्याच माथी फुटेल, म्हणून दरवर्षी 'ठीक आहे' असं कळवलं जाई.

आता शत्रूच्या विमानांनी कागद टाकले होते. शरण यायचं असेल तर तोफ मागे फिरवा. नाहीतर उडवू.

बाकीचे दोघे न विचारता रजेवर गेलेले. उरले मुतशर आणि सार्जंट अबू गायब. मूल नसलेल्या माणसाला तिकडे असंच म्हणतात, न आलेल्याचा बाप. दोघांनी पहार लावून पाहिली. घुमट केसभरही हलला नाही. पळावं तर चहूकडे आपल्याच लोकांनी पेरलेले सुरुंग.

अबू गायबने चहा केला. नेहमीसारखे तीन ग्लास. तिसरा रणगाड्यावर नेऊन ठेवला.

"मेलेल्याला दोन चमचे साखर, आणि मला एक," मुतशर म्हणाला.

"तो कटकट करत नाही, लेका."

दोघे मागच्या खड्ड्यात जाऊन बसले. रणगाड्यात कोणी नव्हतं.

लांबून इंजिनांची घरघर आली...

मग तीही थांबली.

आणि रणगाड्याच्या आतून...

कर्र... कर्र...

कोणीतरी हाताने चाक फिरवत होतं. दमून थांबत होतं. पुन्हा फिरवत होतं.

तोफ हलत होती.

"आत कोण आहे?" मुतशरने विचारलं.

 अबू गायबने मुतशरचा हात घट्ट धरला.

तोफ अर्धा फेरा घेऊन बरोबर त्यांच्या डोक्यावर येऊन थांबली.

शत्रू आला. एकही गोळी न झाडता त्याने दोघांना बाहेर काढलं. जाता जाता मुतशरने पाहिलं. ग्लास रिकामा होता. वर चमचा आडवा ठेवलेला...

पुरे, आता नको, हे सांगायची तिकडची रीत.

"इतकी वर्षं थेंबही प्यायला नव्हता," अबू गायब म्हणाला, आणि ग्लास खिशात घातला.

मुतशर अजूनही एकट्या गिऱ्हाइकाला मागच्या सीटवर बसू देत नाही; ती फरहानची, म्हणतो.

रिकामा रणगाडा शत्रूने संध्याकाळी सुरुंग लावून उडवला, आणि लढाईत मारलेल्यांत मोजला.